जुना पार्ट गिऱ्हाइकाचा

१

सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. ताशी वीसच्या वर काटा गेला की माझा पाय आपोआप दाबला जातो. घरी जेवताना कोणी वाटी जरा जोरात सरकवली, तरी मी टेबलाखाली पाय दाबतो. बायको म्हणते, "वाटी आहे ती, ट्रक नाही."

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर लाल रंगाची, दोन दारांची, रस्त्याला पोट घासत चालणारी जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तर लोक काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. लोक ते म्हणालेही. साठी बुद्धी नाठी व्हायला माझी अजून आठ वर्षं बाकी होती, पण थांबतो कोण.

विकणारा म्हणाला, "साहेब, काही काम नाही गाडीला. बसा आणि पळवा." जुनी गाडी विकणाऱ्याचं हे वाक्य ऐकलं की चप्पल घालावी आणि निघावं, असं मी स्वतः माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. त्याने किल्ली फिरवली, इंजिन असं काही घुमलं की माझ्या पोटात गोळाच आला, आणि मी सही करून टाकली.

आठव्या दिवशी क्लच गेला.

२

उस्तादचं गॅरेज आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागे आहे. उस्ताद बोलतो कमी. बॉनेट उघडतो, आत बघतो आणि तोंडाने 'च्' असा आवाज काढतो. एक 'च्' म्हणजे आठवडाभराचं काम. दोनदा 'च् च्' म्हणजे पार्ट परदेशातून मागवायचा, तीन महिने विसरा. माझी गाडी पाहून तो तीनदा म्हणाला आणि मग त्याने स्वतःसाठी चहा सांगितला.

"गाडी काय, कोणीही घेतो," तो म्हणाला. "सांभाळायला जिगर लागते. हिचं टायर साध्या दुकानात मिळणार नाही. हिचं ऑइल वेगळं. हिचा विमा तुमच्या आयुष्याच्या विम्यापेक्षा महाग. आणि गतिरोधक दिसला की देवाचं नाव घ्यायचं."

उस्तादचा एक नेम आहे. जो पार्ट गाडीतून काढला, तो पुसून, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून, वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. म्हणजे बदललाच नाही, नुसतं बिल लावलं, असं कोणी म्हणायला नको. "जुना पार्ट गिऱ्हाइकाचा," तो म्हणतो. "तुम्ही तो फेका, विका, नाहीतर उशाशी घेऊन झोपा."

बाकी गिऱ्हाइकं तो कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकतात. मी घरी आणतो. अहो, मी सुतळीचा तुकडा फेकत नाही, आणि मोजून पैसे दिलेला क्लच फेकेन होय?

घरी एक खोली रिकामी होती. लेक नोकरीसाठी लांब गेली, तेव्हापासून ती खोली बायकोला हवी होती. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात रस्त्याकडे उघडणारी खिडकी तेवढी एकच. "तिथे एक खुर्ची टाकीन, बसेन, बाहेर बघेन," एवढंच तिचं मागणं. मी म्हटलं, हो हो, पुढच्या महिन्यात करू. आणि क्लच तिथे नेऊन ठेवला.

मग वॉटर पंप गळायला लागला. त्याच्या मागोमाग रेडिएटर. मग उजवी काच खाली गेली ती वर येईना, तिची मोटर. चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकदम बसले आणि गाडी खड्ड्यातून जाताना माझ्या दातांचा आवाज येऊ लागला. सायलेन्सर रस्त्यात पडला, तो उचलून मी हात भाजून घेतला. सगळं चिठ्ठी लावून, पेपरात गुंडाळून, एकेक करून त्या खोलीत.

"माझ्या सवतीचे हात-पाय आणताय घरी एकेक," बायको म्हणाली. "एक दिवस मुंडकं आणाल."

आमच्या बायकोला गाडी येत नाही, हे इथेच सांगून टाकतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. बावीस वर्षांपूर्वी मी तिला शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी भर चौकात तिने तीनदा गाडी बंद पाडली. मागे हॉर्नवर हॉर्न. मी ओरडलो. जरा जास्तच ओरडलो, कबूल आहे. "तुला जन्मात जमणार नाही" असं काहीतरी बोललो. ती उतरली, दार नीट लावलं आणि चालत घरी गेली. चार किलोमीटर. त्या दिवसापासून तिने हा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

३

बायकोने कुरकुर बंद केली, तिथून मला भीती वाटायला लागली.

संसार केलेल्या माणसाला हे कळेल. रोज सकाळी "ती खोली कधी रिकामी करताय?" हे वाक्य चहाबरोबर यायचं. एके सोमवारी नुसता चहा आला. मंगळवारीही नुसताच. बुधवारी मीच म्हणालो, "त्या खोलीचं जरा बघायला हवं, नाही?"

"राहू दे हो," ती म्हणाली. "काही अडलंय का कोणाचं?"

मी उठून खोलीत जाऊन पाहिलं. मी सगळे पार्ट भिंतीला लावून, एकावर एक ठेवले होते. आता चार शॉकअ‍ॅब्सॉर्बर खोलीच्या मधोमध चार टोकांना उभे होते. रेडिएटर समोर, खिडकीच्या बाजूला. सायलेन्सर मागे, दाराकडे तोंड करून. पेपर निघालेले होते, चिठ्ठ्या मात्र जागच्या जागी होत्या.

"तू आवरलीस का खोली?"

"मी? मी हात लावत नाही त्या घाणीला. ग्रीस निघत नाही हाताचं."

ती खरं बोलत होती, असं तिच्या आवाजावरून वाटलं. मग मीच स्वतःची समजूत घातली. झाडताना हलले असतील. झाडणारा माणूस वस्तू सारख्या अंतरावर ठेवतोच. शॉकअ‍ॅब्सॉर्बर उभे राहू शकतात का, टेका न लावता? राहतात. जमीन सपाट असेल तर राहतात. मी एकाला बोट लावून पाहिलं, तो पडला नाही, नुसता खाली दबून परत वर आला.

मी दार ओढून घेतलं. त्या दिवशी माझ्या तीन विद्यार्थ्यांनी मला विचारलं की सर, तुमची तब्येत बरी आहे ना?

४

दुपारी दीड ते तीन माझी सुट्टी असते. जेवतो आणि अर्धा तास आडवा होतो. त्या वेळी इमारत अगदी शांत असते. नळाचं थेंब थेंब पाणीसुद्धा ऐकू येतं.

एका दुपारी टक् टक् टक् असा आवाज यायला लागला.

हा आवाज मी ओळखतो. गाडी लांबून पळवून आणून बंद केली, की तापलेलं लोखंड निवताना असा आवाज करतं. सायलेन्सर करतो. आमच्या सायलेन्सरला गाडीतून काढून पाच आठवडे झाले होते.

यंत्राला कारण असतं, हे माझं रोजचं वाक्य आहे. खिडकीतून ऊन येत असेल, पत्रा तापला असेल. मी खोलीत गेलो. पडदा ओढलेला होता. खाली वाकून सायलेन्सरला हात लावला आणि आई गं म्हणून मागे घेतला. हात भाजून घ्यायची ही दुसरी खेप. फरशीवर काळ्या ऑइलचा एक थेंब होता, माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या शेजारी दुसरा पडला. वर पाहिलं तर वर काहीच नव्हतं. गळायला इंजिन लागतं, आणि इंजिन तर खाली पार्किंगमधल्या गाडीत होतं.

बाहेर आलो तर बायको आरशासमोर उभी राहून केसातला गुंता सोडवत होती.

"एवढा गुंता कशाने झाला?"

"वारा फार होता," ती म्हणाली.

दिवसभर ती घरात होती. आणि बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

५

शेवटी इंजिनही गेलं. उस्तादने आत बॅटरी मारून पाहिलं आणि 'च्' सुद्धा म्हणाला नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या गाडीतलं इंजिन बसवलं. मी कर्ज काढलं नाही एवढंच, बाकी सगळं काढलं.

जुनं इंजिन चार हमालांनी लिफ्टमध्ये घातलं, लिफ्ट पहिल्या मजल्यावर बसली ती बसलीच. शेवटी जिन्याने, दोरखंड लावून. तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "काय घेतलंत? फ्रीज?" मी म्हटलं, हो.

आता मी शहाणा असतो तर इंजिन खालीच ठेवलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण इतके दिवस सगळं वर नेलं आणि इंजिनच तेवढं टाकून द्यायचं? मन होईना. सवय वाईट.

गंमत बघा. खालची गाडी आता जवळजवळ नवी झाली होती. गिअरबॉक्स नवा, स्टीअरिंग नवं, चाकं नवी, आरसा नवा, दिवे नवे; जुने सगळे वर. किल्ली फिरवली की लगेच सुरू होते, वळवाल तिकडे वळते. आणि मला तिच्यात बसावंसं वाटेना. पोटात गोळा येत नव्हता. वॉशिंग मशीन सुरू केल्यासारखं वाटायचं. उस्तादलाही तसंच वाटलं असावं, कारण एकदा तो बॉनेट लावताना म्हणाला, "हिच्यात आता काही राहिलं नाही, साहेब." मला वाटलं, काम राहिलं नाही असं म्हणतोय.

वर मात्र दुपारी बंद दाराच्या फटीतून फरशीवर पिवळा उजेड पडायचा. यायचा आणि जायचा. सेकंदाला एक, अगदी नियमाने. मी कोचावर पडून ते मोजायचो. वीस-बावीसदा लागून तो थांबायचा. वळण घेऊन झालं की इंडिकेटर थांबतो, तसा.

आत बायको असायची. "जरा पडते आत," म्हणून जायची. त्या खोलीत पडायला पलंग नव्हता.

६

मी भंगारवाल्याला बोलावलं. बायको दुकानात गेली होती, तेवढ्यात उरकायचं ठरवलं. माणूस चांगला आडदांड होता, खांद्यावर पोतं, हातात तराजू.

"सगळं घेऊन जा," मी म्हटलं. "भाव काय द्यायचा तो दे. नाही दिलास तरी चालेल."

तो खूश होऊन आत गेला. मी बाहेरच उभा राहिलो. मग तो उलट्या पावलांनी बाहेर आला आणि त्याने दार हळूच, झोपलेलं माणूस जागं होऊ नये तसं, ओढून घेतलं.

"साहेब," तो म्हणाला, "चालू गाडी मी भंगारात घेत नाही."

"कसली चालू? सुटे पार्ट आहेत ते."

"मग तुम्हीच उचला," तो म्हणाला. तराजू आमच्याच दारात विसरून तो जिन्याने खाली गेला. परत न्यायला आला नाही. फोन केला तर म्हणाला, ठेवा तुम्हालाच.

७

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की वर काय चाललंय ते मला कळो न कळो, त्याला पार्ट लागतात आणि पार्ट मीच पुरवतोय. आपणच खायला घालायचं आणि आपणच घाबरायचं, हा कुठला न्याय? मी दुरुस्ती बंद केली. उस्तादला सांगितलं, काहीही मोडू दे, हात लावायचा नाही. खरं तर मोडण्यासारखं जुनं आता फारसं उरलंही नव्हतं. ड्रायव्हरची सीट तेवढी फाटली होती, तिच्यातली स्प्रिंग मला टोचायची. टोचू दे म्हटलं.

बायकोवर मी लक्ष ठेवू लागलो. उघड नाही, चहा पिता पिता.

"मी काय म्हणते," ती एकदा म्हणाली, "उतारावर गाडी न्यूट्रल करायची नसते ना?"

मी कप खाली ठेवला. "नसते. का?"

"असंच. कोणीतरी म्हणालं."

"कोण?"

"बिस्किट घ्या ना."

तिने बिस्किटांची डबी पुढे केली, तेव्हा मला तिचा उजवा हात दिसला. कोपरापासून बोटांपर्यंत रापलेला, डाव्यापेक्षा चांगला दोन छटा काळा. असे हात मी शेकड्याने पाहिले आहेत. रोज लांबचा प्रवास करणाऱ्या ड्रायव्हरचा खिडकीवर टेकलेला हात असाच होतो. महिन्या-दोन महिन्यांत होत नाही, वर्ष जातं. आणि ही कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नव्हती.

मी विचारायला हवं होतं. सरळ म्हणायला हवं होतं, अगं, तू जातेस कुठे? पण मला वाटलं, ती सांगेल. आणि तिने सांगितलं तर मग काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. बायको घरात असून घरात नाही, ही गोष्ट कोणाला सांगणार? मला तिची फार भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, ती एक दिवस परत येणार नाही याची.

८

गुरुवारी दुपारी जजसाहेबांचा धडा होता. निवृत्त न्यायाधीश, वय सत्तर, आयुष्यात एकही नियम मोडलेला नाही. आम्ही नदीवरच्या पुलावर असताना उस्तादचा फोन आला.

"सीट बसवली साहेब. एकदम फर्स्टक्लास."

"कसली सीट? मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"तुम्ही सांगितलं होतं. पण वहिनींचा फोन आला. ड्रायव्हरची सीट बदला, पैसे मी देते. सकाळी येऊन दिले पण. मी आत्ता तुमच्या पार्किंगमध्येच काम करून टाकलं."

"आणि जुनी?"

"जुना पार्ट गिऱ्हाइकाचा," उस्ताद म्हणाला. "वर नेऊन दिली. वहिनींनी चहा केला. आता सगळी गाडी नवी झाली तुमची. डावी सीट तेवढी मूळची राहिली, पण तिला काही झालेलंच नाही. कोणी बसलंच नाही तिच्यावर, कंपनीचं प्लास्टिक आहे अजून."

मी फोन ठेवला. "साहेब, डावीकडून घराकडे घ्या. आणि जरा दाबा."

"इथे मर्यादा चाळीसची आहे," जजसाहेब म्हणाले.

"तुम्ही वीसवर आहात!"

"मर्यादा ही कमाल असते. किमान नव्हे."

"बाजूला घ्या, मी चालवतो."

"पुलावर थांबण्यास मनाई आहे." त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि लगेच हात पुन्हा स्टीअरिंगवर ठेवला, दहा वाजून दहा मिनिटांच्या घड्याळकाट्यासारखा, मी शिकवला होता तसा. पुलानंतर शाळा होती, शाळेनंतर दवाखाना. थांबता येईल अशी जागा जजसाहेबांना आमच्या फाटकापर्यंत सापडली नाही. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. मी आतून रडकुंडीला आलो होतो, आणि तरी सवयीने म्हणालो, "छान. आता इंडिकेटर द्या."

९

जिन्यातच आवाज आला. कानाला आला त्याआधी कठड्याला आला, हाताखाली लोखंड थरथरत होतं. विकणाऱ्याने किल्ली फिरवली होती तेव्हाचा तोच आवाज. पोटात तोच गोळा.

दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

सगळं आपापल्या जागी होतं. रेडिएटर, इंजिन, गिअरबॉक्स, चार चाकं. प्रत्येकावर उस्तादच्या अक्षरातली चिठ्ठी. 'वॉटर पंप'. 'क्लच, जळालेला'. स्टीअरिंग छातीच्या उंचीवर होतं, आणि ज्याला ते बसवायचं असतं असं खाली काहीही नव्हतं. पत्रा नाही, दारं नाहीत, टप नाही. मी सव्वीस वर्षं शिकवतोय, गाडीला सांगाडा लागतो. नुसते पार्ट आपापल्या जागी असे उभे राहत नाहीत.

त्या सगळ्याच्या मध्ये, फाटक्या सीटवर, माझी बायको बसली होती. पाठ ताठ. रापलेला हात बाजूला, जिथे खिडकी असती तिथे टेकलेला.

आणि तिच्या डोक्याच्या वर, डावीकडे, तो जुना लांबट आरसा. मी तिच्या मागे दारात उभा होतो. आरशात मी दिसायला हवा होतो, माझ्यामागचं कपाट दिसायला हवं होतं. आरशात रस्ता होता. दोन्ही बाजूंना झाडं, आणि ती एकेक करून मागे, लांब जात होती. मी पाहिलं ते एवढंच. त्यानंतर मी आरशाकडे पाहिलं नाही.

"अगं," मी म्हणालो. "कुठे निघालीस?"

तिने मागे वळून पाहिलं नाही, बरोबरच आहे, चालवताना बघू नये. "जरा एक चक्कर मारून येते."

"एकटी?"

"तुम्ही पण असंच म्हणून गेला होतात. गाडी आणली त्या दिवशी. जरा एक चक्कर मारून येतो. मी नवी साडी नेसून, केस विंचरून बसले होते."

"मग सांगायचंस ना!"

"दोन सीटांची गाडी आणलीत," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यात काय सांगायचं."

"मी येतो. थांब. मी पण येतो."

आता तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, स्वतःच्या डावीकडे. तिथे गिअरचा दांडा होता आणि त्यापलीकडे आमची फरशी, नुसती, मोकळी.

"बसाल कुठे?" तिने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच काळजीने विचारलं.

"सीट आणतो. खाली आहे. पाच मिनिटं दे मला. इंजिन बंद कर तोवर."

"बंद केलं तर परत सुरू होईल की नाही, काय सांगावं?" ती म्हणाली. "जुनी गाडी आहे हो. लवकर या."

१०

सीटला चार बोल्ट असतात. दोन पुढे, दोन मागे. पाना मी जजसाहेबांच्या, म्हणजे आमच्या स्कूलच्या गाडीतून घेतला. जजसाहेब फाटकापाशी पट्टा लावून बसले होते, धडा संपल्याचं मी सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन लगेच निघाले. मागचा उजवाही निघाला, मात्र त्यात माझी बोटं सोलली. मी प्लास्टिक फाडलं, सीट पुढे ढकलली, तिच्याखाली डोकं घातलं. मागचा डावा गंजला होता. इतक्या वर्षांत त्याला कोणी हातच लावला नव्हता.

वर पहिला गिअर पडला.

मला ऐकू आलं. दोन मजले, दोन स्लॅब, आणि तरी स्पष्ट. क्लच इतका अलगद सोडला की इंजिनाला कळलंही नसेल. खडखड नाही, धक्का नाही. माझ्या सतराशे विद्यार्थ्यांत असा गिअर एकाने टाकला नाही. कोणी शिकवलं हिला, कोण जाणे. मी नाही.

मी पान्यावर सगळा भार टाकला. पाना निसटला, कपाळ दारावर आपटलं. पुन्हा बसवला.

"सर," जजसाहेबांनी हाक मारली, "काही मदत?"

"नको! जागेवर बसा!"

वर दुसरा गिअर पडला. लगेच तिसरा. दहा बाय बाराच्या खोलीत तिसरा गिअर टाकायला जागा नसते, आणि आवाज आता वरून येत नव्हता, कुठूनतरी पुढून येत होता, आणि बारीक होत चालला होता. बोल्ट हलेना. मी सीटखालून डोकं बाहेर काढलं आणि छाताड फुटेस्तोवर ओरडलो, "अगं, थांब! एकच राहिलाय!"